‘कशावरून?’ : अकरावी-बारावीत इंग्लंडचं साहित्य वाचताना आणि त्यावर लिहिताना

साताऱ्यात, कराडात, सांगली-मिरजेत अकरावीला येणारी बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. अकरावीत युवकभारती, म्हणजे इंग्रजीचं पाठ्यपुस्तक, हातात पडतं. त्यात वर्ड्सवर्थ आणि शेक्सपिअर, बारावीत बायरन, साउदी, व्हर्जिनिया वुल्फ, आर्थर कॉनन डॉयल अशी मंडळी भेटतात, आणि पहिल्या आठवड्यातच पोरं ठरवून टाकतात की हे काही आपल्याच्यानं व्हायचं नाही, गाइड पाठ करू. गाइड पाठ करून पास होता येतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र कृतिपत्रिकेत कधी न पाहिलेला उतारा समोर आला की पाठांतर मुकाट बसतं, आणि पुढे बी.ए.ला किंवा कुठल्याही प्रवेश परीक्षेला चार वाक्यं स्वतःची लिहायची वेळ आली की पेन अडतो.

खाली दिलेली सगळी पद्धत एका मराठी शब्दावर उभी आहे: ‘कशावरून?’ शेजारच्यानं काही ऐकीव सांगितलं की आपण हाच प्रश्न टाकतो. कवितेवर किंवा गोष्टीवर केलेल्या प्रत्येक विधानाला तो टाकायचा आणि उत्तर छापलेल्या पानावर बोट ठेवून द्यायचं. तुमच्या वर्षाला पुस्तक बदललं तर धडे बदलतील, हा प्रश्न तोच राहील.

आधी हाताशी काय हवं

पाठ्यपुस्तक नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ मोफत उतरवून घेता येतं. दोनशे पानी फुलस्केप वही, शिसपेन्सिल, आणि इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. शब्दकोश विद्यार्थ्यांसाठीचा घ्या, ज्यात शब्दाच्या उच्चाराशेजारी एक छोटी उभी रेघ वरच्या बाजूला दिलेली असते. ती रेघ शब्दाच्या ज्या अवयवाच्या, म्हणजे सिलेबलच्या, आधी असते त्याच्यावर जोर द्यायचा. ही रेघ पुढे फार कामाला येते. इंग्रजी-मराठी कोशही असू द्या, पण दुसऱ्या नंबरला. ‘ॲबट’ म्हणजे मठाधिपती हे मराठी कोशातून चटकन कळतं, पण ‘ॲस्पेक्ट’ला मराठी कोश ‘पैलू’ म्हणेल आणि बायरनच्या ओळीत तो अर्थ बसणार नाही. तिथं तो चेहरा, मुद्रा या जुन्या अर्थानं आला आहे. कोशातले सगळे अर्थ वाचून ओळीत कुठला बसतो ते पाहायचं, पहिला अर्थ उचलून पळायचं नाही.

कविता वहीत हातानं उतरवा. एक ओळ सोडून एक, आणि उजवीकडे वहीचा तिसरा हिस्सा मोकळा. बायरनची ‘शी वॉक्स इन ब्यूटी’ अठराच ओळींची आहे, दहा मिनिटांत उतरून होते. झेरॉक्सवर खुणा केल्या तरी चालतं, पण उतरवताना स्वल्पविराम कुठे आहे आणि कुठे नाही हे जसं दिसतं तसं झेरॉक्सवर दिसत नाही.

सालं लक्षात कशी राहतील

लेखकांची सालं घोकू नका. आपल्याकडे त्या सुमाराला काय चाललं होतं त्याच्या शेजारी लिहा. ज्ञानेश्वरी १२९० ची. चॉसर त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी ‘कँटरबरी टेल्स’ लिहायला बसला. शेक्सपिअर १५६४ ते १६१६, म्हणजे एकनाथांच्या उतारवयात तो लंडनला नाटकं करत होता आणि शिवाजी महाराजांच्या जन्माआधी चौदा वर्षं गेला. मिल्टनचं ‘पॅरडाइज लॉस्ट’ १६६७ चं, राज्याभिषेकाआधी सात वर्षं. वर्ड्सवर्थ-कोलरिजचं ‘लिरिकल बॅलड्स’ १७९८. मेरी शेलीचं ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८, ज्या वर्षी पेशवाई बुडाली. शार्लट ब्राँटीचं ‘जेन एअर’ १८४७, आणि पुढच्याच वर्षी सातारचं राज्य खालसा झालं. कॉनन डॉयलची ‘द साइन ऑफ फोर’ १८९० ची, आणि हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं ‘झुंजारराव’ही १८९० चंच, ते शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून केलेलं. वहीचं शेवटचं पान यासाठी राखा. दहा-बारा जोड्या पुरतात.

कविता: पहिले तीन दिवस

पहिल्या दिवशी कविता मोठ्यानं तीन वेळा वाचायची, अर्थ न पाहता. पुटपुटायचं नाही, खरोखर मोठ्यानं. दुसऱ्या दिवशी अडलेले शब्द काढायचे. सतरा शब्द अडले तर सतराच्या सतरा काढू नका, ज्यांच्यावाचून ओळ उभीच राहत नाही असे पाच-सहा आधी. तिसऱ्या दिवशी प्रत्येक कडव्याला उजवीकडच्या जागेत मराठीत एक ओळ लिहायची: इथं कोण कुणाला काय म्हणतंय. मराठीत लिहायला लाजू नका, ही तुमची खाजगी जागा आहे. मात्र कवितेचं आयतं मराठी भाषांतर आधी वाचू नका. नाटकाचं आधी वाचलं तर चालतं, कवितेचं नाही. कारण कवितेत काय म्हटलंय याच्या बरोबरीनं कोणत्या शब्दात म्हटलंय तेच शिकायचं असतं, आणि भाषांतरात नेमके तेच शब्द बदललेले असतात.

वाचताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबणं. बायरनची पहिली ओळ ‘नाइट’ या शब्दावर संपते. तिथं थांबलात तर ती बाई रात्रीसारखी चालते, म्हणजे काळोखी, असा भलताच अर्थ हाती येतो. ‘नाइट’नंतर विरामचिन्ह नाही. वाक्य पुढच्या ओळीत जातं: निरभ्र प्रदेशांतली, चांदण्यांनी भरलेली रात्र. ओळ संपली म्हणून वाक्य संपत नाही. थांबायचं ते स्वल्पविरामावर, अर्धविरामावर, पूर्णविरामावर.

छंद: इथं मराठी कान मदतही करतो आणि फसवतोही

सज्जनगडाच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलाला ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावें’ कुणी शिकवावं लागत नाही. लघु-गुरू-गुरू, लघु-गुरू-गुरू, असे चार गण, बारा अक्षरं, भुजंगप्रयात. हे ठाऊक असलेल्याला इंग्रजी छंद परका वाटायला नको. पण एक मूलभूत फरक आहे. आपलं वृत्त अक्षर म्हणायला किती वेळ लागतो यावर चालतं, ऱ्हस्व की दीर्घ. इंग्रजी छंद अक्षरावर जोर किती पडतो यावर चालतो.

बायरनची पहिली ओळ घ्या: शी वॉक्स / इन ब्यू / टी, लाइक / द नाइट. आठ अवयव, दोनदोनचे चार तुकडे, प्रत्येकात पहिला हलका आणि दुसरा जोराचा. जोर ‘वॉक्स’, ‘ब्यू’, ‘लाइक’, ‘नाइट’वर. आता मराठी हिशोब लावला तर ‘शी’ दीर्घ, म्हणून गुरू. ‘टी’ दीर्घ, म्हणून गुरू. आणि सगळा मेळ बिघडतो. इंग्रजीत ‘ब्यूटी’तली ‘टी’ हलकीच आहे. कोशात बघा, ती उभी रेघ ‘ब्यू’च्या आधी आहे. म्हणून छंद काढताना मात्रा मोजू नका, टेबलावर बोटानं ठेका धरा.

ठेका बसला की तो कुठे मोडतो ते शोधा. खरी मजा तिथं आहे. याच कडव्याच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत कवी म्हणतो की काळोखातलं आणि उजेडातलं जे जे उत्तम ते तिच्या मुद्रेत आणि डोळ्यांत एकत्र येतं. चौथी ओळ सुरू होते ‘मीट’ या शब्दानं, आणि जोर पहिल्याच अवयवावर पडतो. तीन ओळी हलकं-जोराचं, हलकं-जोराचं असं चाललेलं पाऊल इथं उलटं पडतं, आणि ते पडतं ‘भेटतात’ याच शब्दावर. एवढं दाखवता आलं तरी उत्तराची पातळी बदलते.

यमकाची गंमत वेगळी. इंग्रजी यमक कानानं ओळखायचं, स्पेलिंगनं नाही. पहिल्या कडव्याचे शेवटचे शब्द: नाइट, स्काइज, ब्राइट, आइज, लाइट, डिनाइज. ‘स्काइज’ आणि ‘आइज’ यांचं स्पेलिंग बघून जुळत नाही असं वाटतं, उच्चार करा, जुळतं. म्हणजे रचना ए-बी-ए-बी-ए-बी. उलट ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ डोळ्यांना जुळलेले दिसतात, आजच्या उच्चारात जुळत नाहीत. पहिल्या आवाजाला ए, नवा आवाज आला की बी, मग सी. जुना आवाज परत आला की त्याचं जुनंच अक्षर. चार ओळी करून सोडून देऊ नका, पूर्ण कडवं करा.

अकरावीतली वर्ड्सवर्थची वेस्टमिन्स्टर पुलावरची कविता चौदा ओळींची, म्हणजे सुनीत. केशवसुतांमुळे हा प्रकार मराठीत आला, तेव्हा नाव नवीन नाही. आठ ओळींचा एक भाग, सहांचा दुसरा. आठवी ओळ संपून नववी सुरू होते तिथं कवी काय बदलतो एवढं पाहा.

अलंकार

दहावीचे मराठी अलंकार इथं जसेच्या तसे वापरता येतात. उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटॅफर, अनुप्रास म्हणजे ॲलिटरेशन, चेतनागुणोक्ती म्हणजे पर्सोनिफिकेशन, अतिशयोक्ती म्हणजे हायपरबोली. दोन ठिकाणी गाडी घसरते. यमक आपल्याकडे अलंकारात मोजतात. इंग्रजीत राइम हा अलंकार नाही, तो वेगळ्या मुद्द्यात लिहायचा. आणि उत्प्रेक्षेला इंग्रजीत स्वतंत्र खण नाही. ‘जणू’ अशा अर्थाचा शब्द दिसला तरी तिथं सिमिलीच म्हणायचं.

नुसतं नाव लिहून सोडलं तर उत्तर लंगडं. ‘क्लाउडलेस क्लाइम्स’मध्ये अनुप्रास आहे, बरं, मग? ‘क्ल’चा आवाज दोनदा आल्यानं ओळ जिभेवर सरळ घसरत जाते, आभाळ मोकळं असल्यासारखी. असं अर्धं वाक्य तरी जोडा.

बॅलड आणि पोवाडा

साउदीची ‘द इंचकेप रॉक’ ही बॅलड आहे, आणि पोवाडा ऐकून वाढलेल्या मुलाला बॅलड समजावून सांगावी लागू नये. गोष्ट आहे, नायक-खलनायक आहेत, वर्णन थोडं आणि घटना भराभर, तेच ते शब्द परत परत. चार ओळींची कडवी, यमक दोनदोन ओळींचं.

गोष्टीतल्या वस्तू मात्र इथल्या नाहीत, त्या आधी समजून घ्या. इंचकेप हा स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळचा खडक, भरतीला पाण्याखाली जाणारा, म्हणून जहाजांना घातक. आर्ब्रोथच्या, म्हणजे कवितेतल्या ॲबरब्रोथॉकच्या, मठाधिपतीनं तिथं तरंगत्या बोयावर घंटा बांधली. लाटांनी बोया हलला की घंटा वाजे. रॅल्फ नावाचा समुद्री चाचा मठाधिपतीला मिळणारा दुवा सहन न होऊन ती घंटा कापतो, आणि पुढे लुटीनं भरलेलं जहाज घेऊन दाट धुक्यात परत येतो तेव्हा त्याच खडकावर आपटतो. इंग्रजीत बोयाला जो शब्द आहे त्याचा उच्चार ‘बॉय’ होतो, आणि दरवर्षी कुणी तरी घंटा मुलाच्या गळ्यात बांधतंच. त्या खडकावर पुढे रॉबर्ट स्टीव्हन्सननं बांधलेलं दीपगृह १८११ मध्ये उजळलं, ते अजून उभं आहे.

आता ‘कशावरून?’ लावा. ‘कवितेचं वातावरण सुरुवातीला शांत आहे.’ कशावरून? पहिल्याच ओळीत ‘नो स्टर’ हे शब्द दोनदा आहेत, एकदा हवेसाठी, एकदा समुद्रासाठी. समुद्र इतका शांत आहे तर घंटा कापायला रॅल्फला अडचणच नाही. शांतपणाच गुन्ह्याला जागा करून देतो. आणि शेवटी त्याच्याच जहाजावर हवी असते ती घंटाच, जी त्यानंच बुडवली. ‘करावे तसे भरावे’ असं कुणी लिहिलं तर चूक नाही, पण तिथं थांबू नका. कवितेतली कोणती वस्तू परत येते आणि कोणत्या रूपात, ते लिहा. सुरुवातीला घंटा जहाजं वाचवते. शेवटी बुडणाऱ्या रॅल्फला घंटेसारखा आवाज ऐकू येतो, तो सैतान त्याच्या मरणाची घंटा वाजवतोय म्हणून.

कथा: काहीच घडत नाही तेव्हा

व्हर्जिनिया वुल्फची ‘द न्यू ड्रेस’ मुलांना सगळ्यात जड जाते, कारण ‘मग काय झालं?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. मेबल नावाची बाई पार्टीला जाते, आपला पिवळा झगा विचित्र दिसतोय असं तिला वाटत राहतं, ती लवकर निघते. संपलं. इथं वहीची समोरासमोरची दोन पानं घ्या. डाव्या पानावर बाहेर काय घडतं ते: कुणी कोट घेतलं, कुणी बोललं, ती कुठे उभी राहिली. उजव्या पानावर तिच्या मनात काय चाललंय ते. डावं पान अर्धंही भरणार नाही, उजवं ओसंडेल. कथा कशावर आहे ते त्या दोन पानांच्या फरकातच दिसतं.

मग परत परत येणारी वस्तू शोधा. मेबलला वाटतं आपण सगळे बशीच्या काठावर चढू पाहणाऱ्या माश्या आहोत. कथेच्या शेवटी यजमानीणबाईंना ‘छान वाटलं’ असं सांगून ती जिना उतरते, स्वतःशीच ‘खोटं, खोटं, खोटं’ म्हणते आणि पुन्हा बशी आठवते. म्हणजे ती बाहेर पडली, पण बशीतून बाहेर पडली नाही. लग्नकार्यात आपलीच साडी सगळ्यांत जुनाट दिसतेय या भावनेनं कोपरा धरून बसलेली बाई मिरजेच्या कार्यालयातही सापडेल. तो धागा समजून घ्यायला वापरा, उत्तरात मात्र मेबलच राहू द्या.

कादंबरी: पात्रावर लिहिताना

‘द साइन ऑफ फोर’चा काही भागच पुस्तकात आहे. ‘होम्स हुशार आहे’ हे वाक्य कुणालाही येतं. कशावरून? होम्सकडे मदतीला आलेल्या मेरी मॉर्स्टनला दरवर्षी एक मोती टपालानं येतो, असे सहा. त्या डब्यांवरचं अक्षर आणि तिला आलेल्या पत्राचं अक्षर तो शेजारी ठेवतो, आणि मुद्दाम बदललेलं असूनही एका स्वराची लकब आणि शब्दाच्या शेवटी येणाऱ्या अक्षराचं वळण यांवरून लिहिणारा एकच आहे असं सांगतो. पात्राचा एक गुण, एक प्रसंग, प्रसंगातली एक बारीक गोष्ट: चार मार्कांच्या उत्तराला असे दोन स्वभावगुण पुरतात. सहा विशेषणांची माळ नको.

गोष्ट होम्सचा मित्र वॉटसन सांगतो, होम्स नाही. का? होम्सनंच सांगितली असती तर त्याला सगळं आधीच ठाऊक, आपल्याला थांबून राहण्याचं कारण उरलं नसतं. हा मुद्दा फार थोडी मुलं लिहितात.

एक आणखी. कादंबरीतला खजिना १८५७ च्या धामधुमीतल्या आग्र्याच्या किल्ल्यातला. तिथले पहारेकरी शीख शिपाई म्हणून येतात आणि त्यांची नावं आहेत महोमेट सिंग, अब्दुल्ला खान. भारतीय वाचकाला हे लगेच खटकतं. अंदमानचा टोंगाही माणसापेक्षा जनावरासारखा रंगवलाय. मोठ्या लेखकाचं चुकतं कसं म्हणून गप्प बसू नका. इंग्लंडमध्ये बसलेल्या लेखकाला हिंदुस्थान किती ठाऊक होता हे मजकुरातूनच दिसतं, आणि त्याचाही पुरावा पानावरच आहे.

नाटक

शेक्सपिअर बघून घाबरण्याआधी आठवा, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ १८४३ मध्ये केलं, आणि कराडजवळच्या टेंभूच्या आगरकरांनी ‘विकारविलसित’ नावानं ‘हॅम्लेट’ १८८३ मध्ये मराठीत आणलं. या मुलखाला तो नवा नाही. नाटकाचं मराठी रूप नगरवाचनालयात मिळालं तर आधी वाचा. कोण कुणाचं कोण हे एकदा डोक्यात बसलं की मूळ वाचताना दम लागत नाही.

अकरावीला ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’चा भाग आहे. त्यात पानाकडे नुसतं बघूनही पुष्कळ कळतं. ओळी छोट्या आणि प्रत्येक ओळ मोठ्या अक्षरानं सुरू होत असेल तर ते पद्य. मजकूर उजव्या समासापर्यंत भरलेला असेल तर गद्य. बॉटम आणि त्याचे कारागीर दोस्त गद्यात बोलतात, प्रेमी जीव पद्यात. कोण कोणत्या थरातला हे भाषेवरून कळतं, जसं आपल्याकडे तमाशात सरदाराची आणि सोंगाड्याची बोली वेगळी.

आणि एका बाबतीत मराठी मूल इंग्रज मुलाच्या पुढे आहे. शेक्सपिअरच्या वेळी इंग्रजीत ‘दाउ’ आणि ‘यू’ असे दोन होते, म्हणजे तू आणि तुम्ही. आजच्या इंग्रजाला हा फरक शिकवावा लागतो. आपण तो दिवसभर पाळतो. एखादं पात्र मध्येच ‘यू’वरून ‘दाउ’वर आलं की पेन्सिलीनं खूण करा आणि विचारा: जवळीक वाढली, की राग आला, की समोरच्याची पायरी काढली? तुम्हाला उत्तर कानावरूनच येईल.

लिहायला बसल्यावर

इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तीन तासांची, उरलेले २० तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे. १८० मिनिटं भागिले ८०, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. चार गुणांच्या उत्तराला नऊ. त्यातलं दीड मिनिट विचाराला, सहा-साडेसहा लिहायला, उरलेलं वाचून पाहायला. आधी घरी घड्याळ लावून करा. पहिल्यांदा वीस मिनिटं लागतील, घाबरू नका.

रसग्रहणाचे ठरलेले मुद्दे आहेत: कवी आणि शीर्षक, आशय, यमकरचना, अलंकार, भाषा, मध्यवर्ती कल्पना. ते यायलाच हवेत. पण मुद्दे आले म्हणजे रसग्रहण झालं असं नाही. नेहमी दिसणारं वाक्य: ‘द पोएट यूजेस ब्यूटिफुल लँग्वेज अँड गिव्हज अ नाइस मेसेज.’ याची परीक्षा सोपी आहे. कवितेचं नाव झाका आणि वाक्य वाचा. पुस्तकातल्या कुठल्याही कवितेला चालत असेल तर ते फुकट गेलं.

तेच दुरुस्त करून पाहू. विधान: बायरन सौंदर्याला दिवसाची नाही, रात्रीची उपमा देतो. शब्द: पण ती रात्र ‘क्लाउडलेस’ आणि ‘स्टारी’ आहे. म्हणून काय: काळोख आणि उजेड दोन्ही एकाच बाईत मावलेले त्याला दाखवायचेत, आणि पुढे ‘डार्क अँड ब्राइट’ असं तो उघडच म्हणतो. विधान, शब्द, म्हणून काय. तीन वाक्यं. अशा दोन तिकड्या, सुरुवातीला एक वाक्य, शेवटी एक. शंभराच्या आसपास शब्द होतात आणि चार गुणांना तेवढं पुरे.

मूळ शब्द उचलताना दोन ते पाच शब्दच उचला, अवतरणात. अख्खं कडवं उतरवून जागा भरू नका. कवितेत ‘मी’ म्हणणारा प्रत्येक वेळी कवीच असतो असं नाही. खात्री नसेल तर ‘द स्पीकर’ म्हणा. कवितेला कडवं म्हणजे ‘स्टँझा’ असतं, ‘पॅराग्राफ’ नाही.

मराठीतून विचार करताना इंग्रजीत शिरणाऱ्या काही चुका इतक्या ठरलेल्या आहेत की त्यांची यादी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवावी. ‘जरी… तरी’ आपल्याला दोन शब्द लावायची सवय, म्हणून ‘ऑलदो’नंतर ‘बट’ येतो. इंग्रजीत एकच पुरे. ‘जेव्हा… तेव्हा’मुळे ‘व्हेन’नंतर ‘देन’ घुसतो, तो काढा. ‘त्याला सांगितलं’मधल्या ‘ला’मुळे ‘टोल्ड टू हिम’ होतं. ‘टोल्ड हिम’ म्हणायचं. ‘त्याविषयी चर्चा करतो’मुळे ‘डिस्कस अबाउट’ होतं, ‘अबाउट’ नको. ‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीतच, म्हणून गळतात. लिहून झाल्यावर फक्त त्यांच्यासाठी एकदा वेगळं वाचा.

काळाचं भान सगळ्यात महत्त्वाचं. मराठीत आपण गोष्ट भूतकाळात सांगतो: रॅल्फनं घंटा कापली. इंग्रजीत साहित्यावर लिहिताना साधा वर्तमानकाळ वापरायची रीत आहे: रॅल्फ कट्स द बेल. पुस्तकात ते आजही घडतंय असं धरायचं. लेखकाच्या आयुष्यातली गोष्ट मात्र भूतकाळात. एकाच परिच्छेदात तीनदा काळ बदललेला उत्तरपत्रिकेत पहिल्या नजरेत दिसतो.

सारांशलेखनाचं थोडक्यात: उताऱ्याच्या ओळी मोजा, एका ओळीतले सरासरी शब्द मोजा, गुणाकार करा. पंचवीस ओळी, बारा शब्द, म्हणजे तीनशे. सारांश शंभर शब्दांचा. उदाहरणं, संवाद, आकडे गळतात, मुद्दा राहतो. ‘मी’चं ‘लेखक’ होतं. शीर्षक द्यायला विसरू नका, आणि ते उताऱ्याच्या पहिल्या ओळीतून उचललेलं नको.

शेवटची पायरी एकट्यानं होत नाही. तिघांचा गट करा, आठवड्यातून एकदा, एसटी यायच्या आधीच्या अर्ध्या तासात सुद्धा जमतं. प्रत्येकानं एक उत्तर लिहून आणायचं आणि वह्या फिरवायच्या. दुसऱ्याच्या वहीत व्याकरण सुधारायचं नाही, शेरा मारायचा नाही, शाबासकीही नाही. ज्या वाक्याला पानावरचा आधार दिसत नाही त्याच्या समोर समासात पेन्सिलीनं ‘कशावरून?’ लिहायचं. पहिल्या आठवड्यात एका पानावर सात-आठ निघतील. ज्याची वही त्यानं ती वाक्यं खोडायची नाहीत. पुस्तक उघडून प्रत्येकासाठी एक शब्द शोधायचा, सापडला तर जोडायचा, आणि सापडलाच नाही तर मगच वाक्यावर काट मारायची.